लंगड्या राजाची एकुलती एक

संध्याकाळी सहापर्यंत नवऱ्याला उत्तर द्यायचं होतं, आणि बिननंबरी सकाळी दहालाच खेळायला बसली. याला कुणी बेफिकिरी म्हणेल. म्हणू दे. ज्याला आयुष्यात एकदा तरी असं उत्तर द्यायची पाळी आली असेल त्याला ठाऊक असतं, की अशा दिवशी माणूस कपाट आवरतो, नखं कापतो, नाहीतर कुणाचं तरी राज्य चालवायला घेतो.

बिननंबरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चार पिढ्यांचं चष्म्याचं दुकान, घरात जो तो नाकावर चष्मा घेऊनच वावरणारा, आणि ही एकटी स्वच्छ नजरेची निघाली. बापाने लहानपणी तिचे डोळे दोनदा तपासले आणि कपाळाला हात लावला, की घ्या, चष्मेवाल्याच्या पोटी बिननंबरी. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आई ती शाळेत असतानाच गेली. भाऊ नाही, बहीण नाही. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि हे सगळं पुढे कोण बघणार हा प्रश्न तिच्याबरोबरच लहानाचा मोठा झाला.

म्हणून लग्न ठरताना बाबांनी एकच अट घातली होती. जावई इथे येऊन राहील आणि दुकान शिकेल. म्हणजे सरळ भाषेत घरजावई. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. पोरीवर जीव जडलेला, तेव्हा कशालाही हो म्हणाला असता, यालाही म्हणाला. दोन वर्षं इमानेइतबारे खाली बसून काचा घासल्या बिचाऱ्याने. पण ज्या बोटांना जाड दोर आणि नटबोल्टची सवय, त्यांना काचेची नजाकत कुठून येणार? दिवसाला दोन तरी फुटायच्या. बाबा ओरडायचे, तो मान खाली घालायचा, आणि ही दोघांच्या मध्ये बसून फ्रेमचे बारीक स्क्रू पिळत राहायची. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या जुन्या कंपनीने दुसऱ्या शहरात बोलावलं, आणि तो गेला. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. बाबा एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या दिवसापासून बापलेक एका टेबलाशी बसून फक्त नंबर बोलत होते. उणे दीड. उणे पावणेदोन. आस नव्वद.

आदल्या दिवशी सकाळी नवऱ्याचा फोन आला. बिननंबरीचे हात फ्रेम गरम करायच्या वाळूत, म्हणून तिने फोन स्पीकरवर लावला, आणि बाबांनी सगळं ऐकलं. तो सांगत होता, की उद्या सहाला साहेब कागद घेऊन येणार. ती येणार असेल तर तो तिथली कायमची जागा घेईल, दोन खोल्याही बघून ठेवल्यात. ती येणार नसेल तर तो ती जागा नको असं सही करून देईल, परत येईल, पुन्हा काचा घासायला बसेल. एकदा सही दिली की जागा दुसऱ्याला जाणार, मग मागे फिरणं नाही. शेवटी म्हणाला, तू सांगशील तसं. मी रागावणार नाही. उद्या सांगते, एवढंच ती म्हणाली. बाबा एकच काच फडक्याने पुसत राहिले, ती कधीचीच स्वच्छ झाली होती.

तिला जायचं होतं. हे स्पष्टच सांगून टाकलेलं बरं. तिला त्या माणसाबरोबर राहायचं होतं, आणि तो इथे दुकानात बसून रोज थोडा थोडा वाळत गेलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता. पण बापाला तोंडावर सांगणार कोण, की तुमची चौथी पिढी चालली? तिच्या जिभेला ते जमेना. तिची जीभ थेट बापावर गेलेली.

आता खेळाचं. आई गेल्यावरच्या पहिल्या वर्षी घरात इतकी शांतता असायची, की बाबा कुठूनसा जुना कॉम्प्युटर आणि राजेरजवाड्यांचा हा खेळ घेऊन आले. यात लढाया कमी आणि सोयरिकी जास्त. एक घराणं घ्यायचं, मुलं वाढवायची, त्यांची लग्नं लावायची, राजा मेला की वारस गादीवर बसवायचा आणि पुढे चालू. घराण्याचा वारस गादीवर असेल तोवर डाव जिवंत. गादीवर दुसऱ्या घराण्याचं माणूस बसलं की संपला. यांचं ते टेकडीचं घराणं, हिरव्या ढालीवर एक झाड. बारा वर्षं हा एकच डाव चालला होता. खेळातली सव्वातीनशे वर्षं उलटली, सोळा राजे झाले, आणि प्रत्येकाला या दोघांनी नाव ठेवलं होतं. बोलका, झोपाळू, दोनदा लग्न केलेला, घोड्यावरून पडलेला.

नियम बाबांचे. एक राजा बाबांनी खेळायचा, तो मेला की पुढचा हिने. चूक झाली तरी मागे जायचं नाही. हा डाव आपला आपण दर थोड्या वेळाने जतन होई आणि जुनं पुसून जाई. वेगळी प्रत काढून ठेवणं म्हणजे महापाप. आणि सगळ्यात मोठा नियम डबीचा. आपला राजा मेला की खेळणाऱ्याने चार ओळींचं पत्र लिहायचं, आपण काय केलं आणि का केलं, आणि ते चष्म्याच्या रिकाम्या डबीत घालून दुसऱ्याला द्यायचं. पण दुसऱ्याने ती डबी लगेच उघडायची नाही. स्वतःचा राजा मेल्यावरच उघडायची. बाबा म्हणत, मेलेल्याच्या मनात काय होतं ते जिवंताला कुठे कळतं? मग आपल्याला तरी का कळावं? बारा वर्षांत तिने एकदाही डबी आधी उघडली नव्हती. बोटं शिवशिवली तरी नाही.

काल रात्री जेवताना बाबांनी एक निळी डबी तिच्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाले, लंगडा गेला. एवढंच बोलून झोपायला गेले.

तर सकाळी दहाला तिने डाव उघडला, आणि पहिल्या पाच मिनिटांत तिने वंशवृक्ष दोनदा तपासून पाहिला.

लंगड्या राजाला एकच मूल होतं, मुलगी. ती आता राणी, वय चौतीस. इथपर्यंत ठीक. या खेळात लग्नं दोन तऱ्हेची. साध्या लग्नात मुलं नवऱ्याच्या घराण्याची. दुसऱ्या तऱ्हेत मुलं बायकोच्या घराण्याची. खेळात त्याला लांबलचक नाव आहे, हे दोघं मात्र घरजावई लग्नच म्हणत. एकुलती एक वारस मुलगी असली की तिचं लग्न घरजावईच करायचं, हे या खेळात पहिल्या आठवड्यात शिकलेलं पोरही सांगेल. आणि बाबांनी लंगड्याची एकुलती एक साध्या लग्नाने देऊन टाकली होती. नदीपलीकडच्या घराण्याच्या धाकट्या मुलाला. दोन मुली झाल्या होत्या, आणि दोघींच्या चित्राखाली टेकडीचं झाड नव्हतंच. निळी ढाल होती, तिच्यावर मासा. राणी मेली की गादी थोरल्या मुलीला, म्हणजे माशाच्या घराण्याला जाणार. सव्वातीनशे वर्षं गंगेला मिळणार.

असं लग्न लावताना खेळ गप्प बसत नाही. समोर तांबड्या अक्षरांत सूचना येते, की या लग्नाची मुलं तुमच्या घराण्याची नसतील, तुमचा नक्की विचार आहे ना? हो म्हटलं की पुन्हा एकदा विचारतो. बिननंबरीला ते आठवलं. चष्मेवाल्याला तांबडी अक्षरं दिसली नाहीत? तीही दोनदा?

मग तिला एकामागून एक आठवत गेलं. गेल्या आठवड्यात बाबांनी एका मास्तरांच्या काचेची आस, म्हणजे बसवायचा कोन, नव्वदवर धरायची ती एकशेऐंशीवर धरली. म्हणजे उभं ते आडवं. तिने वेळेत पाहिलं म्हणून, नाहीतर मास्तर दुकानाच्या पायरीवरच कोसळले असते. चाळीस वर्षांत बाबांची आस कधी चुकली नव्हती. परवा किल्ली कुलपातच विसरले. आणि तीन महिने हे बोलत नाहीत, त्याला ती राग समजत होती. राग नसेल तर? माणूस असाच हळूहळू निसटत असेल तर?

दुपारी बाबा जिना चढून वर आले. सुट्टीचा दिवस, खाली काही काम नव्हतं, तरी मघापासून घासायच्या चाकाचा आवाज येत होता. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, कुठवर आलीस. बारा वर्षांत त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. तेही नियमाविरुद्धच. ती म्हणाली, आत्ताच बसलेय. ते थोडे घुटमळले, डबीकडे पाहिलं, आणि खाली गेले. अर्ध्या तासाने पुन्हा आले आणि पुन्हा तेच विचारलं. तिने मनात म्हटलं, बघ, आत्ता विचारलेलं आत्ता विसरतात.

त्या क्षणी तिचं ठरलं. बापाला असं एकटं टाकून जाता येणार नाही. आणि हे घराणंही त्यांच्या हातून बुडालं असं होऊ द्यायचं नाही. त्यांना चूक कळायच्या आत ती निस्तरायची, पुढच्या पाळीला त्यांच्या हातात हिरव्या ढालीचा वारस द्यायचा, आणि ब्र काढायचा नाही.

निस्तरायचं कसं, ते खेळणाऱ्याला लगेच सुचतं. सांगायला मात्र लाज वाटते. राणीला मुलगा झाला तर कायद्याने तो मुलींच्या आधी गादीवर बसणार. पण तो मुलगा झाडाच्या घराण्याचा हवा, म्हणजे घरजावई नवऱ्याचा हवा. आणि आधीचा नवरा तर ठणठणीत. वय छत्तीस, तब्येत उत्तम, स्वभाव प्रेमळ. त्या राज्यात काडीमोड नव्हता. राहिला एकच मार्ग. तिने कारस्थानाचं पान उघडलं, नवऱ्याच्या चित्रावर टिचकी मारली आणि विष निवडलं.

मग वाट बघणं आलं. दर महिन्याला कारस्थान थोडं पुढे सरके, आणि बाहेर फुटायची भीतीही तितकीच वाढे. एका स्वयंपाक्याला फितवलं, एक दासी कचरली. दुसरीकडे खेळ त्या बापड्या माणसाच्या बातम्या देतच होता. राणीला ताप आला, तो रात्रभर उशाशी बसला. तो शिकारीहून आला, हरणाला मारायच्या ऐवजी त्याचं पाडस राणीसाठी उचलून आणलं. बिननंबरीने स्वतःला दटावलं, की अगं, चित्र आहे ते, नाकाला दोन रेघा आणि डोक्यावर टोपी. पण तिचाही माणूस एकदा लिफ्टच्या खड्ड्यात अडकलेलं मांजराचं पिल्लू खिशात घालून घरी आला होता, हे तिला नेमकं तेव्हाच आठवायचं होतं.

साडेतीनला बातमी आली, की राजपती जेवणानंतर अचानक वारले. राणीवर कुणाला संशय नाही. तिने पटकन एक गरीब सरदार शोधला, घरजावई अटीवर त्याच्याशी लग्न लावलं, आणि मग खुर्ची मागे सारून नवऱ्याला फोन केला.

"परत ये," ती म्हणाली.

तिकडे चालू असलेली ठोकठोक थांबली. मग त्याने विचारलं, नक्की का. तिने सांगितलं, की बाबांचं लक्ष राहत नाही रे, त्यांना एकटं नाही ठेवता येणार. तो म्हणाला, बरं. आत्ता वाचनालयाच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोय, सहाला वर येऊन सही करून टाकतो. आणि मग नेहमीसारखी गंमत करायला गेला, की काचांना सांग मी येतोय, त्यांनी आपापली सोय बघावी. हसला सुद्धा. ते हसणं ऐकून तिला फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

पुढचं खेळायला तिला काही वाटेनासं झालं होतं. तरी हात चालत होते. राणीला एकेचाळिसाव्या वर्षी मुलगा झाला, हिरव्या ढालीवर झाड घेऊन. पन्नासाव्या वर्षी राणी छातीच्या दुखण्याने गेली, नऊ वर्षांचा मुलगा गादीवर बसला, आणि टेकडीचं घराणं वाचलं. आतापर्यंत असं काही जमलं की ती जिन्यावरून खाली ओरडून सांगायची. आज नुसती बसून राहिली. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

राणी मेली, म्हणजे डबी उघडायची पाळी आली. तिने निळी डबी उघडली. बाबांचं पत्र नेहमी चार ओळींचं असायचं. आज कागद दोन्ही बाजूंनी भरला होता.

"बिननंबरीस. लंगड्याची मुलगी मी मुद्दाम दिली आहे. चूक समजू नकोस. तांबडी सूचना दोनदा आली, दोनदा वाचली, चष्मा लावून वाचली. घराणं बुडणार हे मला माहीत आहे. सव्वातीनशे वर्षं पुष्कळ झाली. तीन महिने मनात हेच घोळतं आहे, त्यापायी मास्तरांची आससुद्धा चुकलो. तुझ्या लग्नात मी अट घातली ती दुकानासाठी नव्हती. तू गेलीस की घरात मी एकटा उरेन याची भीती वाटली, आणि ती भीती मी दुकानाच्या नावावर खपवली. ती अट आता मोडली. तोंडाने सांगायला गेलो तर उणे दीड, उणे दोन एवढंच बाहेर येतं, म्हणून इथे लिहितो. तू नीट नांद. मी नीट राहीन. मुलीला दिलं म्हणजे दिलं, ते उलटवू नकोस."

तिने ते एकदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचायला थांबली नाही. फोन उचलला. लागेना. पुन्हा लावला. तो खड्ड्यात होता, आणि खड्ड्यात फोन लागत नाही हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. तिने सहा वेळा लावला, सात वेळा लावला. पाच अठ्ठावीस. पाच एकतीस.

बाबा दारात कधी येऊन उभे राहिले ते तिला कळलं नाही. त्यांनी आधी उघडी डबी पाहिली, मग पडदा पाहिला. वंशवृक्ष समोरच उघडा होता, आणि चष्मेवाल्याची नजर ती, एका नजरेत सगळं वाचलं. राणीचा पहिला नवरा, अचानक वारला. दुसरा नवरा, घरजावई. मुलगा, हिरवी ढाल.

"मारलंस त्याला?" त्यांनी विचारलं.

तिने होय म्हणून मान हलवली. मग जे आवरून धरलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. मला वाटलं तुमची चूक झाली, मला वाटलं तुमचं डोकं चालेनासं झालं, मी त्याला परत ये म्हणून सांगितलं, तो सहाला सही करणार, वाचनालयाच्या लिफ्टच्या खड्ड्यात आहे, फोन लागत नाही. सगळं एका दमात. बाबा खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"म्हणून तर दोनदा वर आलो," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं की तू नियम मोडावास. डबी आधी उघडावीस. पण तू कसली मोडतेस. माझीच ना तू."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बोटाएवढा पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. काल रात्री तिच्या हातात डाव देण्याआधीची प्रत होती ती. ज्या माणसाने बारा वर्षं प्रतीला महापाप म्हटलं, त्याने काल चोरून प्रत काढली होती. म्हणाले, तू काय करशील ते मला ठाऊक होतं, म्हणून ठेवली. त्याला जिवंत करता येईल.

"यातला होईल जिवंत," ती म्हणाली. "माझ्या माणसाची प्रत कुठंय?"

पाच छत्तीस. बाबा वळले आणि जिना उतरले. तिला वाटलं, झालं, पुन्हा गप्प बसले. पण ते पावतीपुस्तक घेऊन वर आले, जिन्याला दम लागलेला, आणि त्यांनी शेवटचं पान तिच्यासमोर धरलं. पेन्सिलीने एक नंबर लिहिला होता. समोरच्या इमारतीतली लिफ्ट जावयाच्याच कंपनीची. आत पट्टी असते ना, लिफ्ट अडकल्यास या क्रमांकावर कळवा म्हणून, तोच नंबर. जावई गेला त्याच दिवशी बाबांनी समोर जाऊन उतरवून आणला होता. तीन महिने रोज तो काढायचे, बघायचे आणि पान मिटायचे. प्रत्येक लिफ्टमध्ये बोलायची एक जाळी असते, आणि ती या नंबरावरून जोडता येते, हे त्यांना जावयानेच एकदा काच घासता घासता सांगितलं होतं. तेव्हा ते त्याच्यावर खेकसले होते, की गप्पा कमी मार.

फोन बाबांनी लावला. एका बाईंनी उचलला आणि ठरलेल्या आवाजात विचारलं, कोण अडकलंय?

"माझी मुलगी," बाबा म्हणाले.

कोणत्या लिफ्टमध्ये?

"लिफ्टमध्ये नाही हो. माझ्यापाशी."

बाईंनी सांगितलं, की ही लाइन फक्त संकटासाठी असते. बाबा म्हणाले, मग याला दुसरं काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. आणि मग, ज्या माणसाला तीन महिन्यांत चार वाक्यं जमली नव्हती, त्याने त्या अनोळखी बाईंना सगळं सांगितलं. अट सांगितली, दुकान सांगितलं, फुटलेल्या काचा सांगितल्या, जावयाचं शहर आणि वाचनालय सांगितलं, सहाची सही सांगितली. बिननंबरीने घड्याळाकडे बघणं सोडलं होतं, ती बापाच्या तोंडाकडे बघत होती. बाईंनी शेवटी विचारलं, वाचनालयाच्या इमारतीत लिफ्ट दोन आहेत, कोणती? बिननंबरी ओरडली, खड्ड्यात माणूस असेल ती. बाई म्हणाल्या, धरून ठेवा.

आधी घरघर ऐकू आली. मग कुठूनतरी लांबून, पोकळीतून आल्यासारखा तिच्या नवऱ्याचा आवाज आला, कोण बोलतंय म्हणून.

"जावईबापू, मी," बाबा म्हणाले.

तिकडे काहीतरी लोखंडी खाली पडलं. पान्हा असावा.

"सही करू नका. ती येतेय. तिथल्या खोल्या पक्क्या करा." बाबांचा चष्मा धुरकटला होता, तो त्यांनी काढला नाही. "आणि काचांवरून तुमच्यावर ओरडत होतो, ते माझं चुकलं."

जाळीतून तो हळूच म्हणाला, बाबा, वर पिंजऱ्यात माझ्या हाताखालची दोन माणसं उभी आहेत, सगळं ऐकतायत.

"ऐकू देत," बाबा म्हणाले. "सही केली का ते सांगा."

नव्हती केली. साहेब वरची यंत्राची खोली बघून जिन्याने खाली उतरत होते. लिफ्ट बंद होती ना, म्हणून चालत सात मजले.

फोन ठेवल्यावर बिननंबरी रडली, चांगली हुंदके देऊन रडली, आणि बाबा तिच्या पाठीवर हात ठेवून भिंतीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी तिला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसले, आणि पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर जुना वंशवृक्ष परत आला. राणी चौतीस वर्षांची, शेजारी नवरा, वय छत्तीस, तब्येत उत्तम. खाली दोन मुली, दोन निळ्या ढाली, दोन मासे.

ती म्हणाली, बाबा, पाळी माझी आहे.

"माहीत आहे. जा, सामान बांध," ते म्हणाले. "हे घराणं मी बुडवतो. तुझ्या हातून नको."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला, आणि डाव सुरू केला. ती कपाटातून बॅग काढायला आतल्या खोलीत गेली.